पाच बेचाळीसची नोटीस

मी एक नोटीस बोलतेय. रजिस्टर पोस्टाने आलेली, चार घड्यांची. सध्या मखमलाबादच्या एका मळ्यातल्या घरात, भिंतीवरच्या फोटोमागे असते. माझ्यावर फार मजकूर नाही. मोटारसायकलचा नंबर. ठिकाण शिंदे गाव, सिन्नरकडून नाशिककडे. चार ऑक्टोबर दोन हजार तीन, सायंकाळी पाच बेचाळीस. वेग अठ्ठ्याहत्तर. शेवटी शेरा : हात दाखवूनही थांबला नाही. मागे बांधलेली रिकामी पाटी.

मला वेळेत जन्मायचं होतं. भरधाव गाडी जागेवर अडवता आली नाही, तर चौदा दिवसांच्या आत नोटीस धाडावी लागते; नाहीतर खटला उभा राहत नाही. पण तो दिवस खंडेनवमीचा. हवालदारांनी रस्त्यावरून ऑफिसात येऊन वेग मोजायचं यंत्र पाटावर ठेवलं, शेजारी नोंदवही ठेवली, दोन्हींना हळदकुंकू लावून झेंडू वाहिला. पूजेतली वही दसरा होईपर्यंत कुणी उघडत नाही. नंतर कुणीतरी ती उचलून तसबिरीमागे ठेवली आणि ती तिथेच राहिली. सापडली तेव्हा सोळावा दिवस होता. कारकून सावळीराम यांनी तारखा न मोजताच मला टाइप केलं. वहीतली एक वाळकी पाकळी माझ्या घडीत आली.

गाडी भिमाजींच्या नावावर होती, म्हणून मी त्यांच्या हाती पडले. चालवायचा त्यांचा मुलगा कुंदन. खंडेनवमीला तो झेंडूची पाटी घेऊन सिन्नरच्या बाजाराला निघाला आणि मोहदरी घाटात ट्रकखाली गेला. रस्ताभर फुलं सांडली होती म्हणे. पंचनाम्यात अपघाताची वेळ आहे पाच दहा. गाडीचा सांगाडा सिन्नरला पोलीस ठाण्याच्या आवारात पडून आहे.

भिमाजींनी मला मोठ्याने वाचलं. कुंदनची आई कलाबाई चुलीपुढून उठून आल्या.

"किती वाजले म्हनलं?"

"पाच बेचाळीस."

"शिंद्यातून घरी यायला किती लागतं?"

भिमाजी माझी घडी घालू लागले.

"अर्धा तास. त्या दिशी सव्वासहाला मी अंगणात गाडी ऐकली. चहा टाकला. तुमी मला येडी म्हनले. पावन्यांफुडं म्हनले."

"नंबर चुकला आसंल त्यांचा. उद्या रद्दच करून आनतो. मंग तरी ह्ये बोलनं बंद करशील."

मी त्यांच्या खिशात बसून पुन्हा त्याच ऑफिसात आले.

"या काका," सावळीराम म्हणाले. "अठ्ठ्याहत्तर? या वयात?"

भिमाजींनी उत्तर न देता माझ्याशेजारी पंचनाम्याची नक्कल ठेवली. "ह्या टायमाला माझा पोरगा नव्हता. रद्द करा."

सावळीरामांनी वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मग नोंदवही मागवली. हवालदारांनी नंबर तीनदा लिहिला होता, एकाखाली एक. बहुधा त्यांचाही स्वतःवर विश्वास बसला नसावा. तिन्ही वेळा तोच.

"हवालदार कुठं हायेत?"

"मालेगावला बदली झाली."

"बोलवा त्यांना. गाडीवर कोन व्हतं, येवढंच इचारायचंय मला."

"असं नाही बोलावता येत. खटला उभा राहिला, तर कोर्टात साक्षीला येतील."

भिमाजींनी मला उचलून छातीशी धरलं. "मंग उभा करा. गाडी माझ्या नावावर हाय, मला उभं करा. रद्द म्हनलो ते सोडा, सायेब."

सावळीरामांनी बोटांवर मोजलं. एकदा, मग पुन्हा. "चार तारीख... वीसला पाठवली. मुदत गेली हो, काका. आता तुम्ही हात जोडलेत तरी खटला चालणार नाही. मेलेली नोटीस आहे ही." त्यांनी जीभ चावली. "द्या इकडे, फाडून टाकतो."

"नको," भिमाजी म्हणाले आणि मला खिशात घातलं.

घरी कलाबाई उंबऱ्यातच बसल्या होत्या. "झाली रद्द?"

"मुदत गेली तिची. आता कुनी कुनाला काय इचारनार नाय." त्यांनी मला कुंदनच्या फोटोमागे खोचलं. मग म्हणाले, "चहा टाक. तीन कप."

त्या दिवसापासून सहा वाजले की भिमाजी स्वतः जाऊन मळ्याचं फाटक उघडतात. दोघं अंगणाकडे तोंड करून बसतात. तिसऱ्या कपावर साय धरते. सव्वासहाला माझ्या घडीतली ती वाळकी पाकळी ओली होते. नुकती खुडल्यासारखी. थोड्या वेळाने पुन्हा वाळते.

गाडीवर कोण होतं, हे मलाही ठाऊक नाही. मला वेग कळतो, चेहरा कळत नाही. कोर्टात ज्याने सांगायचं, त्याला आता कुणी बोलावणार नाही. म्हणून एवढंच मागते : घर आवराल तेव्हा मुदत संपलेला कागद म्हणून मला चुलीत घालू नका. घाटातल्या पंचनाम्याच्या कागदावर कुंदन संपला आहे. माझ्यावर तो शिंद्यातून घराकडे निघाला आहे, आणि पोचल्याची नोंद अजून कुठेच नाही.