गोजरबाईंच्या पानडब्यातली गोळी

जवळा बाजार गावात गोजरबाईंच्या घरी, कोनाड्यात एक पितळी पानडबा बसलेला असे. मित्रांनो, तो मी. तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं आणि माझ्या पोटात पाच खण केले. पाहुणा टेकला की गोजरबाई मला पुढे सरकवीत आणि म्हणत, "घ्या." फार मान होता माझा तेव्हा.

पुढे त्यांचे दात गेले, पान सुटलं आणि खणांत औषधं आली. गोळ्यांची पाकिटं त्यांना अडचणीची वाटत. साऱ्या गोळ्या सोलून त्या माझ्यात भरीत. सुपारीच्या खणात रक्तदाबाची, चुन्याच्या खणात चकरीची. नाव, तारीख पाकिटाबरोबर चुलीत. सवय मात्र जुनीच. कुणी कण्हत आलं की झाकण उघडायचं, "घ्या, एक खाऊन पाहा."

एका दुपारी शेजारची शिला धावत आली. तिच्या सहा वर्षांच्या साक्षीला एसटी लागली होती आणि उलट्या थांबत नव्हत्या.

"काकू, लेकरू पार गळून गेलं."

"काहून घाबरतीस? माही चकरीची गोळी उलटीलाबी चालती."

"अख्खी द्यायची?"

"केवढीशी तर हाय! शेंगदाणाबी मोठा असतो."

झाकण घट्ट मिटून घेता आलं असतं तर! पण डब्याला कोण विचारतो?

ऊन उतरलं तशी साक्षीची मान एका बाजूला वळली ती वळलीच. डोळे वर गेले, जबडा आखडला. शिलानं तिला उचलून आमच्याकडे आणलं, बायका जमल्या. "बाहेरचं हाय, लिंबू उतरवा," कुणीतरी म्हणालं. गोजरबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं.

"बाहेरचं न्हाई," त्या म्हणाल्या. "माह्या हातचं हाय. रिक्षा बोलवा."

मला काखेत घेऊन त्या अनवाणीच निघाल्या. दवाखान्यात डॉक्टरबाईंपुढे त्यांनी मला उघडलं, तळाशी घडी घालून ठेवलेली चकरीच्या औषधाची डॉक्टरांची चिठ्ठी काढून दिली.

"प्रोक्लोरपेराझिन," डॉक्टरबाईंनी वाचलं आणि लगेच त्यावर उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासात साक्षीची मान सरळ झाली. तिनं पहिलं काय विचारावं? "आजी, पानाचा डबा काहून आणलास?"

शिला हसता हसता रडली.

"तुम्ही खरं सांगितलंत म्हणून वेळ वाचला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "चक्कर-उलटीला हे थोडं देतात, मोजके दिवस. मनाच्या काही आजारांतही देतात, तेव्हा मात्रा वेगळी. वय, वजन, आजार पाहून ती ठरते. लेकरांना यानं अशी मान आखडायचा धोका जास्त. आणि आजी, तुमच्या चिठ्ठीत पाच दिवस लिहिलेत. कधीपासून घेताय?"

"दिवाळीपासून," गोजरबाई हळूच म्हणाल्या. "बरं वाटायचं ना."

"उद्या या. मी तपासते, मग ठरवू."

आता गोळ्या आपापल्या पाकिटात, नावानिशी राहतात आणि मी लेकरांचा हात पुरणार नाही अशा उंच फळीवर असतो. मित्रांनो, दुसऱ्याची गोळी कुणी मायेनं दिली तरी घेऊ नका. आधी विचारा, ही कुणाची, कशाची आणि किती? विचारण्यात लाज नाही. चुकून घेतलीच, तर लपवू नका.

परवा एक म्हातारी चक्कर येते म्हणून दारात टेकली. गोजरबाईंनी फळीकडे पाहिलंसुद्धा नाही. पायात चपला सरकवल्या आणि तिचा हात धरला.

"चल बाई, डॉक्टरकडं. म्या येते संगं."