गरम करून विकलेली पिकअप

मी पिकअप, डिझेलवर चालणारी, सोळा वर्षांची. तुम्ही मला कुठं पाहिलं असेल तर माझा रंगच पाहिला असेल. माणसं तेवढंच पाहतात.

माझा पहिला मालक खंडेराव, निफाडकडचा द्राक्षबागायतदार. त्यानं मला बारा वर्षं ठेवलं, वेळेवर ऑइल बदललं, रेडिएटरचं पाणी रोज पाहिलं. त्याच्याबद्दल वाईट बोलायला माझ्याकडं काही नाही. दुसऱ्या मालकानं मात्र पाणी कधी पाहिलंच नाही. एका उन्हाळ्यात मी उकळले, तरी तो मला तशीच दामटत राहिला. इंजिनाचं हेड गेलं, पाणी ऑइलमध्ये उतरायला लागलं. मग त्यानं मला धुऊनपुसून नाशिकच्या द्वारका चौकाजवळ, जुन्या गाड्यांच्या आवारात आणून सोडलं.

आवाराचा मालक ओम. त्यानं इंजिन उघडलं नाही. पांढराशुभ्र रंग मारला, सीटला नवी कव्हरं घातली, मोठी म्युझिक सिस्टीम बसवली. आणि रोज सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी तो मला अर्धा तास चालू ठेवायचा. गार असताना मी कुंथते, धूर ओकते. तापले की एका सेल्फला चालू होते. हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

गिऱ्हाईकं यायची, टायरला लाथ मारायची. लाथ खाऊन टायर काय सांगणार होता, कुणास ठाऊक. दार आपटून बघायची, आरशात केस नीट करायची, गाणं लावायची. कुणी फारच हुशार असला तर म्हणायचा, "इंजिन एकदम स्वच्छ आहे." डिझेलनं धुतलेलं इंजिन स्वच्छच दिसणार. मला त्यांची कीव येत नसे, किळस येई.

एक दिवस पेठ तालुक्यातली चांगुणा आली. गावातल्या बायांच्या गटाला भाजी नाशिकला आणायला गाडी हवी होती. "पावसात आमच्याकडं अँब्युलन्स लवकर येत नाय," ती ओमला म्हणाली, "अडलेल्या बाईला न्यायचं तरी हीच गाडी." ओमनं चावी फिरवली. मी लगेच चालू झाले. चांगुणा हसली. तिलाही मी बाकीच्यांतच धरलं.

दुसऱ्या दिवशी ती बुद्धभूषणकाकांना घेऊन आली. काका लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक. देवळाली कॅम्पात त्यांच्या घरी चांगुणाची मुलगी भाड्यानं राहायची. काकांनी रंगाकडं पाहिलं नाही. सरळ बॉनेटवर तळहात ठेवला.

"गाडी तापवून ठेवलीये."

"आत्ताच एक गिऱ्हाईक बघून गेलं, काका," ओम म्हणाला.

"मग गार होऊ द्या. आम्ही बसतो."

आणि ते खरंच बसले. तीन तास. चांगुणानं फडक्यातली नागलीची भाकरी सोडली, दोघांनी खाल्ली. ओम दोनदा येऊन म्हणाला, आज राहू द्या, उद्या या. काका हलले नाहीत.

मग त्यांनी ऑइलचं झाकण काढलं. आतून कॉफीच्या फेसासारखा चिकट थर होता. तो बोटावर घेऊन त्यांनी चांगुणाला दाखवला. "ऑइलमध्ये पाणी जातंय." मग ओमला चावी फिरवायला लावली. चौथ्या सेल्फला मी कशीबशी चालू झाले आणि आवार पांढऱ्या धुरानं भरलं. काकांनी झाकण ऑइलच्या तोंडावर नुसतं ठेवलं. इंजिनातल्या वाऱ्यानं ते थडथडलं आणि उडून खाली पडलं. धडधाकट इंजिनावर ते जागचं हलत नाही.

"घाटात काय होईल?" चांगुणानं विचारलं.

"तापेल आणि बंद पडेल. कुठं, ते मी सांगू शकत नाही."

"जुन्या गाडीत एवढं चालायचंच," ओम म्हणाला.

"पोटुशी बाई कळा देत असंल माझ्या गाडीत," चांगुणा शांतपणे म्हणाली. "तिला काय सांगू, एवढं चालायचंच?"

ओम मोबाइलमध्ये बघत राहिला. खंडेरावानंतर माझं म्हणणं ऐकून घेणारा माणूस मला आज भेटला होता, आणि तो मला नाकारून निघाला. त्यानं बरोबरच केलं.

फाटकाशी मंडप-डेकोरेशनवाला रवी मला न्याहाळत उभा होता. चांगुणा त्याच्यापाशी थांबली. "भाऊ, ती पांढरी घेऊ नका. घ्यायचीच तर गार असताना चालू करून बघा."

"मावशी, गाड्यांतलं आम्हाला कळतं," रवी म्हणाला.

त्यानं टायरला लाथ मारली, गाणं लावलं आणि संध्याकाळी मला घेऊन गेला.

आज बारावा दिवस. मी पेठच्या रस्त्यावर, कोटंबीच्या घाटात उभी आहे. अंगातून वाफ निघतेय. मागं मांडवाचे खांब आणि खुर्च्या आहेत, पलीकडच्या गावात उद्या लग्न आहे. माझ्यानं आता पुढं होणार नाही. रवी मला शिव्या देतोय, ओमला देतोय. चांगुणाचं नाव तेवढं काढत नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांनो, ती गार असताना तिच्याकडं जा, आणि तीन तास बसायची तयारी ठेवा. तेवढं होत नसेल तर पायी हिंडा.

रवी आता बॉनेट उघडायला आलाय, बारा दिवसांत पहिल्यांदा. कडी कुठं असते, तेही त्याला सापडत नाहीये.