मी सासू, शिशाची पिशवी

मापुलेंगच्या धाकट्या बहिणीचे लग्न झाले ते वर्ष एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. त्या लग्नात तीन पायांच्या ज्या लोखंडी भांड्यात साऱ्या वस्तीसाठी मांस शिजले, त्याच भांड्यात पुढच्या आठवड्यात माझा जन्म झाला. मित्रांनो, मी एक जुनी शिशाची पिशवी आहे. वजन अठ्ठावीस किलो. मोटारींच्या चाकांना तोल सांभाळायला शिशाचे तुकडे ठोकतात ना, ते वितळवून ओतलेल्या बारा विटा माझ्या पोटात आहेत.

भांडे मापुलेंगचे होते. तिचा नवरा त्सेदिसो मोकुएना याने मालकाच्या होडीला वजन हवे म्हणून ते न विचारता घेतले. शिसे वितळवलेल्या भांड्यात पुन्हा अन्न शिजवता येत नाही. मापुलेंग घरी आली, भांड्यात डोकावली आणि एवढेच म्हणाली, "आता यातच जेव." मग दोन महिने ती त्याच्याशी बोलली नाही. पण मला शिवले तिनेच, जाड ताडपत्रीत, दुहेरी टाक्याने. प्रत्येक टाक्यात तिचा राग आहे, म्हणून मी आजवर उसवले नाही. राग जपून ठेवणे मी तिच्याकडूनच शिकले.

वाल नदीच्या काठी डर्क लोत्रिएटचा धक्का होता आणि त्सेदिसो तिथे कामाला होता. डर्कची होडी पायांना फळी बांधलेल्या खेळाडूला दोरीने ओढत नेई. धावत्या होडीमागे लाट उठते. तिला दोन खांदे असतात, डावा आणि उजवा. खेळाडू एका खांद्यावरून उडतो आणि दुसऱ्याच्या पलीकडे उतरतो. त्यासाठी लाट गुळगुळीत आणि घट्ट लागते. होडीत मागे फार भार झाला तर लाट उभी राहते आणि फेसाळते. भार थोडा पुढे, नाळेकडे नेला तर ती पसरते आणि साफ होते. होडी उजवीकडे कलली तर डावा खांदा ढासळतो आणि खेळाडू तोंडावर आपटतो.

हे सारे त्सेदिसोला डोळ्यांनी कळे. तो होडीकडे बघतच नसे, मागच्या पाण्याकडे बघे. मग मला पायाने वीतभर सरकवी आणि पुन्हा पाण्याकडे बघे. जागा सापडली की माझ्याभोवती खडूने रेघ ओढी. होडीत बसलेल्या पाहुण्यांनाही तो दटावी, "जागचं हलायचं नाही. इथे प्रत्येक ढुंगण वजनात धरलंय."

माझे नाव डर्कने ठेवले. "सासूसारखी आहे ही," तो म्हणाला, "जड, आणि बसली की उठत नाही." तेव्हापासून मी सासू.

चार वर्षे आम्ही दोघांनी लाट बसवली. चौथ्या वर्षी आमच्या लाटेवर उडालेल्या मुलांनी प्रांताचा चषक आणला. त्या दुपारी डर्क हातात ध्वनिक्षेपक घेऊन म्हणाला, "लाट बसवायची नजर देवाने मला जन्मापासून दिलीय." त्सेदिसो त्याच्या मागेच उभा होता, मला खांद्यावर घेऊन. चषकावर अक्षरे कोरली गेली, "लाट : डर्क लोत्रिएट".

पुढच्या हंगामात डर्कने होडीत पाण्याच्या टाक्या आणि पंप बसवून घेतले. तो म्हणाला, "आता बटण दाबलं की झालं. तू आणि सासू, दोघंही उतरा."

त्सेदिसोने फडके ओले केले आणि होडीच्या तळावरची खडूची एकूण एक रेघ पुसून काढली.

"हे काय करतोयस?" डर्कने विचारले.

"बास," मालकाला तो अशीच हाक मारी, "होडी स्वच्छ करून देतोय."

मित्रांनो, मला हात असते तर मी त्या वेळी टाळी वाजवली असती.

त्सेदिसो काम सोडून घरी गेला. मला मात्र धक्क्यावरच्या संडासाच्या दाराला टेकू म्हणून ठेवले. नऊ वर्षे. येणारा जाणारा मला लाथेने सरकवी. कुत्री माझ्यावर तंगडी वर करीत. पण तिथून नदी दिसत होती. डर्क दर हिवाळ्यात जाड होत होता आणि होडी हाकायची जागा उजवीकडे असते. मी स्वतः वजन आहे, मला वजन कळते. त्याच्या लाटेचा डावा खांदा दर वर्षी जास्त फेसाळे. तो पंपाला शिव्या देई. मी पोटभर पाहून घेई.

दोन हजार अकरा साली डर्कची मुलगी लीझल देशाच्या संघासाठी निवडचाचणी देणार होती. ती तेवीस वर्षांची होती आणि तिला ही शेवटची संधी होती. चाचणी रविवारी, आमच्याच धक्क्यावर, बापाच्याच होडीमागे. गुरुवारच्या सरावात ती तीनदा पडली. ओल्या केसांनीच ती त्सेदिसोच्या दारात गेली.

"न्ताते," ती म्हणाली. तिकडे बापाच्या मानाच्या माणसाला असेच म्हणतात. "डावा खांदा फुटतोय. तुम्ही या ना."

आतून मापुलेंग ओरडली, "आधी माझं भांडं आण म्हणावं तुझ्या बापाला!"

त्सेदिसो म्हणाला, "चषकाच्या वर्षी लाट कुणी बसवली, ते बापाने चारचौघांत सांगावं. मी येतो."

डर्कचे उत्तर संध्याकाळी आले. "त्यापेक्षा मी नदीतला चिखल खाईन. यायचं तर ये, वजन लाव आणि चालता हो."

आणि तरीही त्सेदिसो आला. माझ्यावरची धूळ झटकून त्याने मला उचलले. त्याचे गुडघे कुरकुरले. "चल सासूबाई," तो हळूच म्हणाला.

रविवारी धक्का माणसांनी भरला होता. चाचणीआधी एक फेरी मारून बघायची मुभा होती. त्सेदिसोने मला उजवीकडे, डर्कच्या आसनाखाली ठेवले. मला नवल वाटले. होडी धावली आणि डावा खांदा साबणाच्या फेसासारखा विरघळला. सगळ्यांनी पाहिले.

"बास, उजवीकडे वजन फार आहे."

"कसलं वजन? उजवी टाकी रिकामी आहे!"

"टाकी नव्हे. तुम्ही."

धक्क्यावर हशा पिकला. डर्क लालबुंद झाला. पण लीझल पाण्यात दोरी धरून थांबली होती. ती म्हणाली, "बाबा, उठा."

तो उठला. त्सेदिसोने त्याला पुढे नाळेत, डाव्या कोपऱ्यात बसवले आणि मला उचलून त्याच्या मांडीवर ठेवले. "सासूला सोडू नका. आणि जागचं हलायचं नाही." मग तो स्वतः सुकाणूवर बसला. हडकुळा माणूस, त्याने होडी उजवीकडे कलणार कशी?

लाट उठली. दोन्ही खांदे इस्त्री केल्यासारखे. लीझल एका खांद्यावरून उडाली आणि पलीकडे अलगद उतरली. नाळेत पाण्याचे फटके डर्कच्या तोंडावर बसत होते आणि मी त्याच्या मांड्यांवर पूर्ण अठ्ठावीस किलोनी बसले होते. एक छटाकही कमी नाही.

धक्क्याजवळून जाताना शेजारची बेटीमावशी ओरडली, "अरे डर्क, सासूला मांडीवर घेऊन कुठं निघालास?"

"गप गं! वजन आहे मी!"

"कुणी बसवलं तुला?"

डर्कने मान वळवून मागे पाहिले. पोर पुन्हा हवेत होती.

"त्सेदिसोने!" तो ओरडला. "तोच बसवतो लाट! पहिल्यापासून तोच बसवायचा!"

लीझलची निवड झाली.

आता खरे सांगते, मित्रांनो. मला उजवीकडून डावीकडे सरकवले असते आणि डाव्या टाकीत थोडे पाणी भरले असते, तरी लाट साफ झाली असती. डर्कला उठवायची काहीच गरज नव्हती. हे त्सेदिसोला माहीत होते आणि मला.

पुढच्या आठवड्यात डर्कने नवे कोरे तीन पायांचे भांडे पाठवले. मापुलेंगने त्यात कोंबड्यांना पाणी ठेवले.

मी आता तिच्याच दाराशी असते. माझी ताडपत्री विरली आहे, टाके शाबूत आहेत. तुमच्या घरीही कोपऱ्यात कुणी जड, जुने, मुके पडलेले असेल. त्याला लाथेने सरकवू नका. ज्याने भार वाहिला त्याचे नाव घ्या. नाही घेतलेत, तर ते कोपऱ्यातून तुमच्याकडे बघत राहील, आणि त्याला घाई नसते.

डर्क लोत्रिएट दोन हजार सोळाच्या जूनमध्ये हृदय बंद पडून वारला. त्याची शवपेटी पुढे डाव्या बाजूला खाली जाऊ लागली, तेव्हा तिथे खांदा द्यायला त्सेदिसो गेला. त्सेदिसो मोकुएना अकरा ऑगस्ट दोन हजार एकोणीस रोजी, रविवारी सकाळी, आपल्या घरी वारला.