देवीचे वण

मसुराच्या दाण्याएवढं ते वर्तुळ पडद्यावरून सरकत सरकत मुलीच्या हनुवटीपाशी आलं आणि तिथल्या तपकिरी जन्मखुणेवर थांबलं. दर्शनाचं बोट माउसवर होतं, पण अजून दाबलं नव्हतं. दाबलं की ते वर्तुळ शेजारची नितळ त्वचा उचलतं, डागावर आणून पसरतं, आणि ठिगळ कुठे लावलंय ते लावणाऱ्यालाही पुन्हा सापडत नाही...

"ताई, तेवढं काढा ना," खुर्चीमागे उभी असलेली आकांक्षा म्हणाली. लग्नाच्या बायोडेटावर लावायचा फोटो होता.

"आणि मुलाकडचे बघायला आले की?"

"तेव्हा मेकअप असेल ना!"

"आणि लग्न झाल्यावर?"

"तोपर्यंत त्याला सवय होईल," म्हणून ती हसली, आणि दर्शनाने बटण दाबलं. जन्मखूण गेली. आकांक्षाने पडद्याकडे पाहिलं, मग हळूच स्वतःच्या हनुवटीला हात लावला, तिथलीही गेली की काय ते बघावं तसा. सगळेच असं करतात. मग सगळेच जरा हिरमुसतात, आणि फोटो घेऊन जातात.

अभय, म्हणजे दुकानाचा मालक, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की दर्शनाताईंच्या हातात जादू आहे. जादू कसली! करी रोडच्या या दुकानातून निघून काळाचौकीपर्यंत चालत जा, खांबाखांबावर शुभेच्छा देणारे आणि श्रद्धांजली घेणारे सगळे एकाच आईच्या पोटचे वाटतात – तोच गव्हाळ रंग, तोच घोटीव गाल. वाढदिवस कोणाचा आणि गेलं कोण हे खालचा मजकूर वाचून कळतं. त्यातले निम्मे मीच घोटलेत. पूर्वी लोक फोटो बघून म्हणायचे, छे, मी असा नाही दिसत. आता आरशापुढे उभं राहून तेच म्हणतात. आणि मी कोणाला हसू? हात दाखवून अवलक्षण केलं ते तर माझ्याच घरात.

उद्या आईचं वर्षश्राद्ध. माणसं जमतील, भिंतीवरच्या फोटोला हात जोडतील, म्हणतील, काय गोड दिसते रखमा... आणि त्यांच्यातलं एकही माणूस खोटं बोलत नसेल. दर्शनाला त्याचीच भीती वाटत होती. उद्याच्या आत आईचा खरा चेहरा त्या भिंतीवर लागला नाही तर तो आता कधीच लागणार नाही, कारण तो जिच्याजवळ असायला हवा तिच्याजवळूनच तो चालला होता. अलीकडे दर्शनाला आई आठवली की फोटोच आठवायचा.

दर्शनाचं छापखान्यातलं पत्रिकांचं काम बसलं तेव्हा चाळिशी उलटल्यावर ती दादरच्या क्लासात हे सॉफ्टवेअर शिकायला गेली. सरांनी सांगितलं, सरावासाठी घरून एखादा खराब फोटो आणा. खराब! आणि तिला दुसरा कुठला आठवलाच नाही. लहानपणी गावी आईला देवी आल्या होत्या, चेहराभर वण राहिले होते. जन्मभर ती फोटोला उभी राहिली नाही – लग्नात पदर पुढे, बारशांना कोणाच्या तरी खांद्यामागे. मावशीने हट्टाने स्टुडिओत नेऊन काढलेला हा एकच काय तो समोरून. काचेला चिकटलेला, म्हणून काचेसकट स्कॅन केला. मग दर्शना एकेक वण टिपत बसली, तांदूळ निवडावेत तशी, आणि – हे खरं सांगायचं तर – तिला मजा येत होती. गाल साफ झाला तेव्हा सरांनी सगळ्या वर्गाला दाखवला. तिने खुशीत सेव्ह केलं, त्याच नावाने, त्याच फाइलवर. मूळची प्रत आधी बाजूला ठेवायची असते, हे पुढच्या आठवड्यात शिकवलं.

"ह्यां कोण गो? मीच?" आई म्हणाली होती. केस पांढरे झालेली ती बाई पडद्यापुढे लाजली. कितीतरी वेळ बघत राहिली, आणि मग म्हणाली, "मी गेल्यार ह्योच लाव हां." आणि तेवढ्यावरही थांबली नाही, गेल्यावर कशाला, आत्ताच लाव म्हणाली. चौकट एकच होती. जुना फोटो ओढून काढताना आईचा अर्धा चेहरा काचेवर राहिला, अर्धा कागदावर, त्याचे तुकडे झाले... काच आईनेच मोरीत नेऊन साबणाने घासून लख्ख केली. गाणं गुणगुणत होती. आई कधी गुणगुणायची नाही.

फोनमध्ये आई आहे, भरपूर आहे. पण फोनने न विचारताच तिला घोटून ठेवलंय. इस्पितळातल्या शेवटच्या फोटोतही ती नुकतीच न्हाऊन आलेल्या मुलीसारखी दिसते. दर्शनाने तो मोठा करून करून पाहिला, चौकोनांपलीकडे काही नव्हतं.

दुपारी जेवायला ती लॅपटॉप घेऊनच घरी आली. बाबा – जयवंत, गिरणी सुटून कितीतरी वर्षं झाली तरी अजून भोंग्याच्या वेळेला जेवणारे – भाताचं ताट संपवून खिडकीशी बसले होते. तिने पडदा त्यांच्यापुढे धरला.

"बाबा, आईचे वण कुठे कुठे होते? नीट आठवून सांगा. मी परत घालते."

बाबांचं बोट पडद्यापर्यंत आलं, पुन्हा मांडीवर गेलं.

"तिका नको होते ते," ते म्हणाले. "तू काढलंस, ती खूश झाली. आता परत कित्याक घालतंस?"

"पण ती तशी होती ना!"

"होती..." ते बाहेर बघायला लागले. समोर नव्या टॉवरच्या काचा उन्हात चमकत होत्या. "मी खय तसा बघलंय तिच्याकडे. दहा माणसांची खोली. रातपाळी करून येवचो, ती पाठ करून चुलीशी. बघूक गेला तर ती पदर ओढी."

दर्शनाला त्यांचा राग आला. मग राग गेला आणि नुसतं पोरकं वाटलं. त्या चेहऱ्याचा एकच साक्षीदार उरला होता, आणि त्याने बघितलंच नव्हतं.

नाही, मीही होते की... दर्शनाने डोळे मिटले. डोळ्यांना विचारून उपयोग नव्हता, डोळे फितूर झाले होते. बोटांना विचारायला हवं. लहानपणी भिंतीच्या बाजूला मी, अलीकडे आई; झोप येईपर्यंत मी तिचा गाल चाचपत असे आणि नाकपुडीच्या बाजूला एक खोलगट वण होता, त्यात माझ्या करंगळीचं टोक बरोबर बसायचं. ती म्हणायची, काढ गो बोट, गुदगुल्या होतत. पण काढायची नाही. भिंत डावीकडे होती, आई माझ्याकडे वळून डाव्या कुशीवर... म्हणजे वरचा, उजवा गाल. उजवाच! एवढा एक. एवढा एक तरी नक्की.

दुकानात परत जाऊन तिने तो वण घातला. वर्तुळ लहान केलं, किंचित सावली, कडेला किंचित उजेड. बाकीचे घालायचा मोह झाला. पाचसहा घातलेही, पण ते कोणाचेही झाले असते, म्हणून पुसून टाकले. एकच ठेवला. अभयने मागून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, तिथे काहीतरी राहिलंय." तिने प्रिंट काढली, घरी आणली, चौकटीत घातली आणि खिळ्याला अडकवली.

दिवेलागणीला बाबांनी समई लावली. वर्षभर रोज लावतात तशी, आणि रोजच्यासारखंच पंच्याचं टोक घेऊन फोटोची काच पुसायला लागले. कपाळ, डोळे, मग गालापाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी तिथे पुन्हा पुसलं. काचेवर तोंडाची वाफ सोडली, पुन्हा जोर लावून घासलं.

"कसलो डाग पडलो हा गो? जायत नाय."

सांगावं, असं दर्शनाच्या ओठांपर्यंत आलं. तो डाग नाही बाबा, ती आई आहे... पण ती उंबऱ्याशी उभीच राहिली. बाबा घासत होते, आता अगदी हलक्या हाताने, आईला कधी लावला नसेल एवढ्या मायेने, आणि समईच्या उजेडात तो सगळा नितळ गोड चेहरा तिच्याकडे बघत होता आणि नाकाशेजारी ते काळपट काहीतरी होतं. तिने करंगळी अंगठ्याने दाबून धरली. आईचा गाल आठवायला ती मनात वळली, तर तिथे करंगळीला कुठेच काही खोलगट लागलं नाही. बाबांच्या पंच्याखालून काच पुन्हा पुन्हा बाहेर येत होती, आणि प्रत्येक वेळी, या खेपेला तरी ते काळपट गेलेलं असावं, असं तिला वाटत होतं.