पाठीशी शिवलेलं काहीतरी

मित्रांनो, मी एक जुना पिट्टू आहे. पिट्टू म्हणजे फौजी लोक पाठीवर घेतात ती जाड कापडाची पिशवी. आपली जीवनकहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा शांत आणि समजूतदार असतात, असं मी ऐकलं आहे. मी तसा नाही. मी वैतागलेला आहे, आणि माझी हकिकत ऐकल्यावर तुम्हीही वैतागाल.

माझा जन्म देवळाली कॅम्पच्या बाजारात झाला. गोटीराम नावाच्या शिंप्याने मला हिरव्या कॅनव्हासमधून शिवलं. पाठीला घासू नये म्हणून त्याने माझं पाठीकडचं कापड दुहेरी केलं. हे दुहेरी कापड ध्यानात ठेवा, सगळी भानगड तिथेच झाली. तोफखान्यातल्या एका जवानाने मला बरीच वर्षं वापरलं. तो मला झटकायचा, उन्हात टाकायचा, पट्टे सैल झाले तर लगेच टाके घालून आणायचा. मग त्याला नवा पिट्टू मिळाला आणि मी पुन्हा बाजारात, एका दुकानात प्लास्टिकच्या बादल्यांमागे जाऊन पडलो. तिथून मला माहेनूरने उचललं.

माहेनूर नाशिकचीच, वडाळा रोडला राहणारी. प्राणिशास्त्र शिकलेली पोरगी. बोर्निओ नावाच्या दूरच्या बेटावर जंगल आणि प्राणी राखण्यासाठी संशोधन चाललं होतं, तिथे स्वयंसेवक म्हणून तिची निवड झाली होती. घरात त्यावरून जो काही खल झाला, तो मी खुंटीवर लटकून ऐकला. अंबडच्या कारखान्यात काम करणारे तिचे अब्बा एकच विचारत होते, की पगार नाही तर जायचं कशाला. शेजारच्या चांगुणामावशींचं म्हणणं असं, की जनावरंच बघायची तर आपल्याकडे उसात बिबटे काय कमी आहेत.

तिची अम्मी खुर्शीदा साड्यांना फॉल-पिको करायची. तिने मशीन बाजूला सारलं आणि मला भरायला घेतलं. चिवडा, खजूर, लोणचं, मेथीचे लाडू, पुन्हा चिवडा. माझी शिवण कण्हायला लागली तरी तिचा हात थांबेना. शेवटी तिने माझ्या पाठीचं दुहेरी कापड बोटभर उसवलं, मलमलीची एक पुरचुंडी आत सरकवली आणि वरून टाके घातले. निघताना ती लेकीला एवढंच म्हणाली, "पाठीशी काहीतरी शिवलंय. उसवू नकोस."

माहेनूरने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि तो डोळ्यांना लावला. अम्मीने तावीज शिवला, अशी तिची ठाम समजूत झाली. मित्रांनो, आत काय आहे हे मला ठाऊक होतं. वासाने माझा जीव घुसमटला होता. पण पिट्टूला तोंड असतं ते फक्त चिवडा भरायला.

बोर्निओत एका ओढ्याकाठी जंगलाचा एक अरुंद पट्टा उरला होता. दोन्ही बाजूंनी पाम तेलासाठी लावलेली ताडाची झाडं, जिकडे बघावं तिकडे तीच. त्या पट्ट्यातून खवल्या मांजर ये-जा करतं हे सिद्ध झालं, तरच तो राखा असं सांगता येणार होतं. नाहीतर तिथेही ताड लागणार होते. आता याला मांजर कोणी म्हटलं कोण जाणे, कारण मांजराचं त्यात काही नाही. अंगभर खवले, नजर अधू, सगळा कारभार नाकावर आणि सगळं पोट मुंग्यांवर. झाडांच्या खोडांना कॅमेरे बांधायचे, समोरून जनावर गेलं की फोटो आपोआप निघायचा. माहेनूरकडे त्या पट्ट्यातले कॅमेरे आले.

प्रकल्पाच्या प्रमुख डोरिसबाई तिथल्याच. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की वासाचा साबण नको, तेल नको, अत्तर नको, जनावरं लांबूनच परत फिरतात. माहेनूरने ते इतकं मनावर घेतलं की केसांना तेलाचं बोटही लावलं नाही. रोज नुसत्या पाण्याने अंघोळ करायची. आणि मग मला पाठीवर घेऊन जंगलात जायची.

मी काय म्हणावं? कपाळावर हात मारून घ्यावा, तर मला कपाळही नाही आणि हातही नाहीत.

त्या पुरचुंडीत ओंजळभर डांबरगोळ्या होत्या. कपाटात ठेवतात त्याच. पावसाने टाके सैल झाले होते आणि गोळ्यांचा चुरा बारीक बारीक गळत होता. माहेनूर प्रत्येक कॅमेऱ्याच्या झाडापाशी मला बुंध्याला टेकवून ठेवायची आणि बॅटरी बदलायची. जिथे जिथे खवल्या मांजराने यावं, तिथे तिथे आम्ही डांबरगोळ्यांची पूड टाकून येत होतो. मुंग्यासुद्धा ती झाडं सोडून गेल्या. तिला वास का येत नव्हता, असं तुम्ही विचाराल. अहो, तिच्या घरात प्रत्येक कपाटाला, प्रत्येक रजईला तोच वास. तिला तो घरचा वास वाटायचा. डोरिसबाईंनी एकदा नाक मुरडलं, तेव्हा जुन्या कॅनव्हासचा असेल म्हणून तिने मला बाहेरून खसाखसा घासलं. पाठीच्या शिवणीला तेवढा हात लावला नाही, आत तावीज ना.

फोटोंत नुसती पानं यायची. बाकीच्यांच्या कॅमेऱ्यांत अस्वल येई, हरणं येत, हिच्याकडे उंदीरही फिरकत नव्हता. तिने कॅमेरे खाली बांधून पाहिले, वर बांधून पाहिले, दुसऱ्या वाटेवर नेऊन पाहिले. सगळीकडे मी बरोबर होतोच. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी ऐकून होतो. इथे कळसा पाठीवर होता, आणि ती त्या कळशावरच हात ठेवून दुआ मागत होती, की एखादं तरी खवल्या मांजर दिसू दे.

अखेर डोरिसबाईंनी सांगितलं, की महिनाअखेर कॅमेरे काढून दुसरीकडे लावू, या पट्ट्यात काही उरलेलं नाही. माहेनूर खोलीच्या पायरीवर बसली आणि तिने घरी फोन लावला. मी शेजारीच होतो. रडू आवरत ती म्हणाली, "अम्मी, दुआ कर गं. तुझा तावीज पाठीशी आहे, तरी एक जनावर फिरकत नाही."

"कसला तावीज, बेटा?" खुर्शीदा म्हणाली. "त्या डांबरगोळ्या आहेत. तुझ्या खाऊला मुंग्या लागू नयेत म्हणून शिवल्या."

माहेनूरने फोन पायरीवर ठेवला आणि माझ्या शिवणीला नाक लावलं. मग तिने कात्री आणली. इतक्या महिन्यांत मला पहिल्यांदा मोकळा श्वास मिळाला.

डोरिसबाईंना तिने सगळं सांगितलं. त्या आधी चिडल्या, मग हसल्या, आणि कॅमेरे पावसाळा संपेपर्यंत राहू देते म्हणाल्या. माहेनूरने एकेका बुंध्याखालची माती खरवडून पट्ट्याबाहेर नेली. मला मात्र जंगलाची बंदी झाली. गुन्हा कोणाचा आणि शिक्षा कोणाला, ते तुम्हीच बघा. मी स्वयंपाकघरामागे एका खिळ्याला लटकत राहिलो. आधी मुंग्या परतल्या, असं तिच्या बोलण्यावरून कळलं. मग एका सकाळी ती फोटो घेऊन सगळ्यांना दाखवत सुटली आणि मलाही दाखवून गेली. चक्क एका पिट्टूला. फोटोत खवल्या मांजर होतं, आणि त्याच्या शेपटीला घट्ट धरून बसलेलं पिल्लू. डोरिसबाईंनी पट्टा राखण्याच्या मागणीचं पत्र पाठवलं, त्यावर तोच फोटो होता.

आता आम्ही नाशिकला आहोत आणि माहेनूरला पुन्हा बोलावणं आलं आहे. परवा तिने मला गच्चीवर ऊन दाखवलं. मी हवेशीर पडलो होतो, तेवढ्यात खुर्शीदा डांबरगोळ्यांची पुडी घेऊन वर आली. मला वाटलं, झालं, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

ती माझ्याजवळ आली, थांबली. मग जिन्यातून खाली हाक मारून तिने विचारलं, "माहे, पाठीशी काय देऊ तुला?"

"काही नको, अम्मी. शिवण उसवलीये, तेवढी घालून दे."

मित्रांनो, माणसांची, जनावरांची, जंगलांची काळजी जरूर घ्या. जुन्या पिशव्यांचीही घ्या. पण ज्याची काळजी घ्यायची त्याला एकदा विचारत जा. तेवढं विचारलं असतं, तर माझा निम्मा वैताग वाचला असता.

खुर्शीदाने पुडी कठड्यावर ठेवली आणि सुई-दोरा घेऊन मला मांडीवर घेतलं. टाके तिने सावकाश, अगदी जवळजवळ घातले. या वेळी आत काहीच नव्हतं, तरीही शिवून झाल्यावर तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटली.