जावयाचं यान

संदेशभावजींचं यान कधी फुटत नसे. म्हसा गावच्या त्या घरात बाकी सगळ्यांची यानं धडाधड फुटायची, थोरल्या जावयाचं मात्र दिमाखात मंगळावर उतरायचं. रेश्माला यामागचं कारण आज कळलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

‘उल्कापार’ हा खेळ भावजींनी स्वतः बनवलेला. प्रत्येकाची आपापली पत्त्यांची गड्डी. एकेक पत्ता उलटत जायचं, तसं यान पुढं सरकतं आणि गुण वाढतात. तिसरी उल्का निघाली की यान फुटलं, फेरीतलं सगळं पाण्यात. त्याआधी ‘थांबलो’ म्हटलं तर मिळालेल्या गुणांवर नवं इंजिन, नवे पंख घेऊन आपली गड्डी भक्कम करायची. आधी मंगळावर पोचेल तो जिंकला. उद्या सकाळी पत्ते छपाईला जाणार होते.

रेश्मा नाशिकला नोकरी करते आणि यूट्यूबवर अशा खेळांची परीक्षणं करते. भेट म्हणून आलेल्या खेळाचीही ती भीडभाड न ठेवता चिरफाड करते, म्हणून लोक तिचं ऐकतात. भावजींनी वर्षभर दर रविवारी बायकोच्या माहेरी येऊन खेळाची चाचणी घेतली होती, पण रेश्मा त्यात कधीच नव्हती. आज धोंड्याच्या महिन्याचं जावयाला जेवण होतं. त्यासाठी ती आली होती, तेव्हा परीक्षणही आजच करायचं ठरलं.

पुरणाचे धोंडे रिचवून सगळे ओटीवर बसले. मोबाइल स्टँडला लागला. आईच्या पुढ्यात दोन उल्का आल्या होत्या, तरी तिनं पत्ता उलटला. फुटलं यान. रेश्माच्या धाकट्या भावाचं, साईनाथचं फुटलं. भावजींची बायको, म्हणजे रेश्माची थोरली बहीण अनिता, तिचंही फुटलं.

“बघितलंस?” भावजी कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले. “माणसाला थांबवतच नाय. हीच या खेळाची जादू.”

रेश्मा मात्र दर फेरीला दोन पत्त्यांवर थांबत होती. इंजिनं जमवत होती. ती पुढं जायला लागली, तसा आईच्या पायाचा अंगठा तिच्या मांडीला टोचला.

“उचल की गो अजून एक.”

रेश्मानं वर पाहिलं. आई डोळ्यांनी जावयाकडे खुणावत होती. साईनाथ छताकडे बघत होता. रेश्माला सगळं उमगलं. तिनं मुद्दाम पुन्हा दोन पत्त्यांवर थांबून डाव जिंकला.

“असा कसा?” भावजी गोंधळले. “इतक्या डावांत हे कधी झालं नाय.”

रेश्मानं मोबाइल बंद केला. “आई, तू यांच्याशी एकदा तरी खरं खेळलीस का?”

“जावयाला घरी बोलवायचा नि हरवायचा? असा कुठं असतं?”

“मी तर दोन उल्का आल्या की तिसरी येईपर्यंत उचलतच बसायचो,” साईनाथ हसत म्हणाला.

“दात काढू नको!” रेश्मा कडाडली. “वाटोळं केलंत तुम्ही त्यांच्या खेळाचं. दोन पत्त्यांत तिसरी उल्का येऊच शकत नाही, तिथं थांबणारा दर वेळी जिंकतो, नशिबाची गरजच पडत नाही. घेणाऱ्याला हे पहिल्याच डावात कळेल आणि लोक हसतील ते यांना. तुम्ही बसा मानपान सांभाळत.”

आईनं पदर तोंडाला लावला. रेश्माला तिची कीव आली नाही.

भावजी पत्ते जुळवू लागले. मग अनिताकडे वळले. “आणि आसनगावला, आपल्या घरी? आपण दोघंच खेळायचो तेवा?”

अनिता अनारशांचं ताट सारखं करत होती. “तुमी जिंकलात की किती खूश व्हायचात.”

भावजी अंगणात गेले. फोनवर छपाई थांबवायला सांगताना त्यांचा आवाज चढला होता. परत आले, स्टँडवरचा मोबाइल चालू केला आणि रेश्माला म्हणाले, “बोल.”

“या खेळाचं परीक्षण मी करणार नाही,” रेश्मा म्हणाली. “हा खेळ अजून कुणी खेळलेलंच नाही.”

त्यांनी मान हलवली, गड्ड्या पिसल्या आणि पुन्हा वाटल्या. “आता हरवा मला. आई, तुमीपण.”

अनिताच्या पुढ्यात दोन उल्का आल्या. सवयीनं तिचा हात गड्डीकडे गेला. भावजी पत्त्यांकडे नाही, तिच्याकडे बघत होते. तिनं हात मागं घेतला.

“थांबले मी.”

पुढच्या फेऱ्यांतही ती तशीच थांबत गेली, आणि डाव तिनं जिंकला. कुणीच टाळी वाजवली नाही.

“अनिता,” भावजी हळूच म्हणाले, “अजून कशाकशात हरत होतीस माझ्यासाठी?”

अनितानं ताट बाजूला सारलं. तिचा आवाज एवढा धारदार झालेला त्या घरात कुणी ऐकला नव्हता.

“बसा. आज सांगतेच.”