बचित्तरसिंगनं सांगितलेलं घर

साळूबाई ताडपत्रीच्या चौथ्या कोपऱ्यावर दगड ठेवत होती, तेव्हा हार्वेस्टर बांधावरून खालच्या रानात उतरला आणि मध्येच थांबला. केबिनच्या शिडीवरून आधी एक काठी खाली आली, मग पांढऱ्या सलवारीतला एक पाय, आणि मग जपून जपून एक म्हातारी बाई. जमिनीवर नीट उभं राहिल्यावर तिनं ओढणी डोक्यावर घेतली, खांद्याच्या पिशवीतून मोबाईल काढला आणि दोन्ही हातांनी तो डोळ्यांसमोर धरून ती गव्हाकडं बघत राहिली.

"ह्या कोण?" साळूबाईनं नवऱ्याला विचारलं.

गोरक्ष ट्रॉलीचं फाळकं पाडत होता. "त्या सरदारजीची बायको. यंदा मशीन पोरगं घेऊन आलंय, गुरलाल."

"आन् सरदारजी?"

"वारला म्हणं. दिवाळीच्या आधी."

साळूबाई वाकलेली होती ती तशीच राहिली. मग तिनं ताडपत्री ओढून पुन्हा सरळ केली, जी आधीच सरळ होती.

दिंडोरीच्या त्या पट्ट्यात चारी बाजूंना द्राक्षबागा. मार्चअखेर असल्यानं माल उतरवायची घाई चाललेली, रस्त्यावर क्रेटांनी भरलेले पिकअप. फक्त नाल्याकडचं हे तीन एकर काळं रान दरवर्षी गव्हाला जायचं, कारण तिथं पाणी साचायचं आणि वेली कुजायच्या. पंधरा-सोळा वर्षं ते रान एकच मशीन कापत आलं होतं. होळी झाली की पंजाबातून खाली उतरत उतरत ते इथपर्यंत यायचं, दोन तासांत रान मोकळं करायचं आणि पुढच्या गावाला निघून जायचं.

म्हातारीनं मोबाईल हळूहळू फिरवला. बाग, गहू, परत बाग. फिरवताना ती पंजाबीत काहीतरी बोलत होती आणि मधेच स्वतःशी हसत होती. पाण्याची बाटली घेऊन आलेली सून, निकिता, तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. दोघींचं थोडा वेळ हिंदीत बोलणं झालं. निकिता हसतच सासूकडं आली.

"आई, त्या घरी पाठवायला शूटिंग करतायत. त्यांच्या गावात कुणाला पटतच नाही म्हणे, इतक्या खाली, नाशिकला गहू असतो म्हणून. त्यांना नाशिकची फक्त द्राक्षं माहीत. त्यांचं नाव महिंदर कौर. आणि आई, त्या तुम्हाला विचारतायत."

"मला?"

"नावानं. साळूबाईचं घर हेच का, म्हणून."

मशीन सुरू झालं. पुढचा फिरता पंखा गव्हाला आत ओढू लागला आणि पिवळट कोंड्याचा लोट नाल्याकडं गेला. त्या आवाजात साळूबाई काय बोलली ते निकिताला ऐकू आलं नाही. महिंदर कौर मात्र काठी टेकत टेकत त्यांच्याकडं यायला लागल्या होत्या, आणि जवळ आल्यावर त्यांनी काठी काखेत धरून साळूबाईचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"साळूबाई," त्या म्हणाल्या. 'ळ' त्यांनी इतका स्वच्छ उच्चारला की निकिताला नवल वाटलं.

*

ओट्यावर खुर्च्या टाकल्या. महिंदर कौरनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. त्यात कणीक आणि तुपाचे मोठे मोठे लाडू होते, त्याला त्या पिन्नी म्हणाल्या. मग एक घडी केलेली ओढणी काढली, लाल, तिच्यावर पिवळ्या रेशमानं सगळीकडं फुलं भरलेली. ती त्यांनी साळूबाईच्या मांडीवर ठेवली.

"अपने हाथ से काढी है," त्या म्हणाल्या. "आँखें अब काम नहीं करतीं. दो साल लगे."

"हे कशाला?" साळूबाई निकिताला म्हणाली. "सांग त्यांना, एवढं कशाला."

महिंदर कौर सांगू लागल्या. पंजाबी हेलाची हिंदी साळूबाईला अर्धीमुर्धी कळायची, म्हणून निकिता वाक्यामागून वाक्य मराठीत सांगत गेली.

"त्या म्हणतायत, त्यांचे मालक, बचित्तरसिंग, घरी फार बोलायचे नाहीत. पण दर उन्हाळ्यात परत गेले की तुमच्या घराचं सांगायचे. एका वर्षी इथं गारा पडल्या होत्या का?"

"पडल्या होत्या," साळूबाई म्हणाली. "तू यायच्या आधी. आठ वर्षं झाली."

"अक्रोडाएवढ्या गारा, असं सांगायचे. मशीन अर्ध्या रानात होतं. ते आणि दोन माणसं पळत पळत या घराशी आली आणि साळूबाईनं दार उघडलं. आत बसवलं. अंग पुसायला पंचा दिला. गरम पोळ्या, शेंगदाण्याची चटणी. आणि चहा. त्या चहात कसलीशी पात होती, लिंबासारखा वास येणारी. तो वास ते कधी विसरले नाहीत म्हणे."

"गवती चहा!" निकिता स्वतःहूनच म्हणाली. "आई, तुम्ही हे कधी सांगितलंच नाही."

साळूबाई ओढणीवरच्या एका फुलावरून अंगठा फिरवत होती.

महिंदर कौर आता संथपणे बोलत होत्या. निकिताचाही आवाज खाली आला. "त्या म्हणतायत, त्यानंतर टीव्हीवर महाराष्ट्रात अवकाळी, गारपीट असं काही आलं की घरातल्या बाया घाबरायच्या. आणि ह्या म्हणायच्या, काही होत नाही, तिथं साळूबाई आहे. म्हणायच्या आणि झोपायच्या. त्यांच्या नाती तुम्हाला नावानं ओळखतात."

शेतात मशीन वळलं. त्याचा आवाज लांब गेला तसे बागेतल्या मजुरांचे आवाज ऐकू येऊ लागले. साळूबाईनं एकदा घराच्या दाराकडं पाहिलं. दारावर पाटी होती. गारांच्या आदल्या वर्षी घर दोघांच्या नावावर केलं तेव्हा थोरल्या मुलानं, अमोलनं, हौसेनं लावलेली. वर तिचं नाव, खाली नवऱ्याचं.

"अब एक काम कर बेटा," महिंदर कौर निकिताला म्हणाल्या आणि मोबाईल तिच्या हातात दिला. साळूबाईनं बचित्तरसिंगांविषयी दोन शब्द बोलावेत. बोलतानाचं शूटिंग निकितानं करावं. वर्षश्राद्धासारखा त्यांच्याकडं कार्यक्रम असतो, तेव्हा ते सगळ्यांना दाखवायचं होतं.

"मला हिंदी येत नाय," साळूबाई घाईनं म्हणाली.

"मराठी में बोलो. ज़बान का क्या है. आवाज़ सुन लेंगे."

निकितानं मोबाईल आडवा धरला. "आई, पदर नीट घ्या. हं, बोला."

साळूबाईनं पदर घेतला. ओढणी मांडीवरून उचलून शेजारच्या खुर्चीवर ठेवली. मग मोबाईलकडं न बघता, समोरच्या अंगणाकडं बघत ती बोलायला लागली.

"सरदारजी चांगला माणूस होता. पंधरा वर्षं आमचा गहू कापला, कधी कणीस मागं ठेवलं नाय." ती थांबली. निकितानं मान हलवून पुढं बोला, अशी खूण केली. "गारा पडल्या ते खरं हाय. मी घरात एकलीच होते. हे वणीला गेल्ते. सरदारजी आन् ती दोन माणसं पळत आली, ह्याच ओट्यावर उभी राह्यली. कडी वाजवली. मी खिडकीतून पाह्यलं. तो म्हणला, माताजी, ज़रा अंदर. मी कडी काढली नाय."

निकितानं मोबाईलमागून मान वर काढून सासूकडं पाहिलं.

"मालक घरात नाय, म्हणलं, इथं थांबू नका. ओट्यावर तरी उभं राहू द्यायचं ना माणसानं. तेबी नाय दिलं. हातानं असं असं केलं." साळूबाईनं हात दोनदा झटकला. "मला भ्या वाटलं. तीन तीन दांडगी माणसं. गॅसवर चहा उकळत होता, त्याचा वास भाईर गेला आसंल. तो काय बोलला नाय. हात जोडले आन् गेला. मशीनखाली बसले तिघं. लय वेळ गारा पडत होत्या. मी खिडकीतून बघत होते. दुसऱ्या वर्षी आला, तर परत हात जोडले. मी म्हणलं, विसरला आसंल. नाव बी ठाऊक नव्हतं मला त्याचं. आज कळलं."

तिचं बोलणं संपलं. निकितानं शूटिंग थांबवलं की नाही, हे तिलाही कळलं नाही. महिंदर कौर उत्सुकतेनं एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होत्या. मराठीतलं 'सरदारजी' आणि 'माताजी' त्यांना कळलं होतं, त्यामुळं चेहरा उजळला होता.

"क्या कहा?" त्यांनी विचारलं.

निकिता सासूकडं वळली. "आई, कशाला?" ती हलक्या आवाजात म्हणाली. "मी सांगते, फार चांगला माणूस होता असं म्हणाल्या म्हणून. त्यांना कुठं मराठी कळतंय? तिकडं तरी कुणाला कळणार आहे?"

"जसंच्या तसं सांग."

"आई, त्या एवढ्या लांबून…"

"म्हणूनच सांग."

निकितानं खुर्ची थोडी पुढं ओढली आणि सांगायला सुरुवात केली. तिची हिंदी एरवी सफाईदार होती. आता शब्द शोधावे लागत होते. मधे एकदा ती अडली तेव्हा साळूबाईनंच तिला आठवण दिली, "ओट्याचं सांगितलं का? ओट्यावर बी राहू दिलं नाय ते?"

सांगून झालं. महिंदर कौरनी चष्मा काढला, ओढणीच्या टोकानं पुसला आणि परत घातला. मग त्यांनी निकिताला विचारलं, गारा किती वेळ पडत होत्या.

"अर्धा तास," साळूबाई म्हणाली. "जास्तीच, पण कमी नाय."

"सारा टाइम मशीन के नीचे?"

"हो."

महिंदर कौर ओट्याच्या कडेकडं बघत होत्या. तिथून रान दिसत होतं आणि रानात त्यांच्या मुलाचं मशीन दिसत होतं. ओटा ते रान, हे अंतर त्या डोळ्यांनी मोजत असाव्यात.

"पगड़ी थी ना सिर पे?"

"होती," साळूबाई म्हणाली. "निळी."

"मोटी बाँधते थे," महिंदर कौर म्हणाल्या. "फिर ठीक है."

त्यांनी काठी घेतली. निकितानं धरायला हात पुढं केला, तो त्यांनी हलकेच बाजूला सारला आणि पायऱ्या उतरून त्या रानाच्या दिशेनं चालू लागल्या.

*

कप गोळा करायचे तर चहा अजून झालाच नव्हता. निकिता सासूकडं बघायचं टाळून आत गेली, परत बाहेर आली. "आई, मी असते तर मीही दार उघडलं नसतं," ती म्हणाली. "एकटी बाई घरात."

"ओट्याला कुठं दार हाय?" साळूबाई म्हणाली.

 ती उठली आणि चपला न घालताच रानाकडं निघाली. कापलेल्या गव्हाची धसकटं तळपायाला टोचत होती, म्हणून ती बांधाबांधानं गेली. तीनातलं दीड एकर झालं होतं. गोरक्ष ट्रॉलीवर उभा राहून दाण्यांच्या धारेखाली हात धरत होता आणि खूश होऊन काहीतरी ओरडत होता. महिंदर कौर बाभळीच्या सावलीत बांधावर बसल्या होत्या. मोबाईल मांडीवर उपडा पडलेला होता.

साळूबाई त्यांच्याशेजारी बसली, हातभर अंतर ठेवून. काय बोलावं हे तिला ठाऊक नव्हतं आणि बोलायला निकिता नव्हती. मशीन त्यांच्यासमोरून गेलं. केबिनमधून गुरलालनं आईला हात केला, आईनं त्याला केला. तुसाचा एक लोट दोघींच्या अंगावर आला. दोघींनी एकदमच डोळे मिटले, एकदमच पदर आणि ओढणी तोंडावर धरली.

"वहाँ घर पे," महिंदर कौर बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "मैं कहती थी, दो रोटी ज़्यादा खाया करो, हर साल सूख के आते हो." मग त्यांनी मान हलवली. "कहते थे, साळूबाई खिलाती है."

साळूबाईला ते सगळं कळलं.

मोबाईल वाजला. व्हिडिओ कॉल होता. महिंदर कौरनी तो उलटा करून बघितला. दोन-तीनदा रिंग जाऊ दिली आणि मग उचलला. पडद्यावर एक अंगण आलं, अंगणात पाच-सहा बाया, दोन मुली, सगळ्या एकमेकींना ढकलत पुढं येत होत्या. त्या एकदम काहीतरी विचारत होत्या. पंजाबी बोलण्यातून एकच शब्द पुन्हा पुन्हा वर येत होता, आणि तो साळूबाईचं नाव होतं.

महिंदर कौर पडद्याकडं बघत गप्प राहिल्या. तिकडच्या बायांना वाटलं आवाज पोचत नाही. त्या आणखी मोठ्यानं विचारू लागल्या.

मग महिंदर कौर ते हातभर अंतर सरकून साळूबाईच्या अगदी जवळ आल्या. खांद्याला खांदा लागला. डाव्या हातानं त्यांनी साळूबाईचा उजवा हात धरला आणि दुसऱ्या हातानं मोबाईल लांब धरला. पडद्याच्या कोपऱ्यात दोघींचे चेहरे आले, दोन्ही चेहऱ्यांवर गव्हाचा कोंडा.

"ए साळूबाई ऐ," त्या पंजाबीत म्हणाल्या, ही साळूबाई. पुढं काही बोलल्या नाहीत.

तिकडं एकदम गलका झाला. सगळ्यात पुढच्या म्हातारीनं डोक्यावरची ओढणी सावरली आणि साळूबाईला हात जोडले. मागच्या सगळ्याजणींनी जोडले. धाकट्या मुलीनंही जोडले.

साळूबाईलाही हात जोडायचे होते. तिनं डावा हात उचलला. उजवा महिंदर कौरच्या मुठीत होता, आणि तो त्यांनी सोडला नाही.